मोजपट्टीशी प्रामाणिक : डॉ. इरावती कर्वे

मानसशास्त्राच्या वर्गात 'संशोधन पद्धती व प्राथमिक संख्याशास्त्र' हा भाग सुरू झाला की अनेकांचे चेहरे उतरतात. गणित नको म्हणून तर आपण कला शाखेकडे वळलो, आणि इथेही मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध ही मंडळी पाठ सोडत नाहीत, अशी कुजबुज मागच्या बाकांवरून ऐकू येते. माणसाचे मन समजून घ्यायचे तर तेथे आकड्यांचे काय काम, हा प्रश्नही कोणी ना कोणी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सूत्रांत शोधण्यापेक्षा एखाद्या संशोधकाच्या आयुष्यात शोधावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

डॉ. इरावती कर्वे हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई, 'परिपूर्ती' आणि 'भोवरा' या संग्रहांतील ललित लेखांच्या इरावतीबाई, महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या सूनबाई, अशी त्यांची ओळख आपल्याला शाळेपासून असते. परंतु याच बाईंनी ऐन पंचविशीत परमुलखात माणसांच्या कवट्या मोजल्या, आणि मोजमापाने जे दाखवले तेच लिहिले, मग ते गुरूंच्या मताविरुद्ध का जाईना, हा त्यांच्या आयुष्यातील भाग आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत अभियंता होते. त्या देशाची जीवनवाहिनी असलेल्या इरावती नदीचे नाव मुलीला ठेवले गेले. योगायोग असा की, याच १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी प्रसिद्ध केली. बिने यांचा हेतू शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना मदत करण्याचा होता. पुढे त्याच कल्पनेचा उपयोग काही देशांत माणसांच्या जाती-वंशांना वरचे-खालचे ठरवण्यासाठी केला गेला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी कन्नड व मराठी मुलांसाठी नव्याने बसवली, हे आपण अभ्यासतोच. मोजमाप कोणत्या हेतूने आणि कोणाच्या हातात, हा प्रश्न त्या काळाच्या साऱ्या मानव्यविद्यांपुढे उभा होता. इरावतीबाईंच्या वाट्यालाही तोच आला.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जमली, आणि त्यातून रँग्लर परांजपे यांच्या घरात मुलीसारखी जागा मिळाली. त्या घरातील मोकळे, विवेकवादी वातावरण आणि पुस्तकांची संगत यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या १९२६ साली बी. ए. झाल्या. नंतर दक्षिणा फेलोशिप मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला व १९२८ साली एम. ए. पदवी घेतली. दरम्यान रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

दिनकररावांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती. पत्नीनेही तेथे जाऊन शिकावे असे त्यांना वाटले. आश्चर्याची गोष्ट अशी की, स्त्रीशिक्षणासाठी उभे आयुष्य वेचलेल्या अण्णासाहेबांना सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. तरीही दिनकरराव ठाम राहिले. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. डालेम या उपनगरात नुकत्याच सुरू झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांनी नाव घातले. संस्थेचे प्रमुख होते प्रा. ऑयगेन फिशर.

फिशर हे त्या काळी युरोपातले मोठे नाव होते. माणसांचे वंश असतात, ते उच्चनीच असतात आणि हे उच्चनीचत्व शरीराच्या मोजमापांतून सिद्ध करता येते, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९३३ नंतर नाझी राजवटीने जे वंशविषयक धोरण राबवले, त्याला अशाच विद्वानांनी शास्त्राचा मुलामा दिला. १९२८ साली हे सारे भविष्याच्या पोटात होते. पण बीज प्रयोगशाळेत पडलेले होते.

इरावतीबाईंना प्रबंधासाठी जो विषय मिळाला तो कवटीच्या असमानतेचा. कोणाचीही कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. फिशर यांचा अभ्युपगम असा होता की, युरोपीय माणसाच्या कवटीत ही असमानता इतरांपेक्षा अधिक असते, आणि त्याच्या तर्कबुद्धीच्या श्रेष्ठत्वाचे मूळ तेथे आहे. म्हणजे प्रश्न वरवर हाडांचा, पण आतून मनाचा आणि बुद्धीचा होता. म्हणूनच मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या प्रबंधाकडे विशेष लक्ष द्यावे.

येथे क्षणभर थांबून आपल्या पाठ्यपुस्तकातील शब्द आठवू या. युरोपीय आणि युरोपबाहेरील असे दोन गट. कवटीच्या दोन बाजूंतील फरक हे मोजायचे चल. प्रत्येक गटाचे मध्यमान काढायचे. पण एवढ्याने भागत नाही. दोन मध्यमानांत थोडाफार फरक नेहमीच निघतो, कारण कोणत्याही दोन मूठभर धान्यांतील दाणे मोजले तरी सरासरी तंतोतंत जुळत नाही. पाहायचे असते ते हे की, गटागटांतील फरक हा गटाच्या आतल्या पसाऱ्याच्या मानाने मोठा आहे की नुसता योगायोगाचा. म्हणूनच मध्यमानाच्या जोडीला प्रमाण विचलन लागते. म्हणूनच संशोधक आधी असे मानून चालतो की फरक नाही, आणि पुरावा पुरेसा भक्कम असेल तरच ते मानणे सोडतो. शून्य अभ्युपगम म्हणून जी गोष्ट आपण परीक्षेपुरती पाठ करतो, तिच्यात न्यायालयाची वृत्ती आहे. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करून पाहावी. हाताचा कंप, डोळ्याचा थकवा, मोजपट्टी किंचित तिरपी पडणे, या साऱ्यांमुळे मापात चूक शिरते. त्याहून मोठी चूक मनातून शिरते. जे निघावे असे वाटते तेच दिसू लागते. गुरूंना काय हवे आहे हे त्या विद्यार्थिनीला ठाऊक होते. ती परदेशी होती, कर्जाच्या पैशावर शिकत होती, आणि पदवी गुरूंच्या हाती होती. आकडे थोडे इकडे-तिकडे केले असते, अडचणीच्या चार कवट्या काही निमित्ताने बाजूला ठेवल्या असत्या, तर कोणाला कळले असते?

त्यांनी तसे केले नाही. कवटीच्या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला. पदवी मिळाली, पण फिशर यांनी श्रेणी मात्र सर्वांत खालची दिली. दोन वर्षांचा अभ्यास आटोपून इरावतीबाई डॉक्टर होऊन मायदेशी परतल्या. त्या कागदावरची श्रेणी आज कोणी विचारत नाही. निष्कर्ष मात्र टिकला. पुढे १९७२ साली, म्हणजे इरावतीबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, रिचर्ड लेवोन्तिन या जनुकशास्त्रज्ञाने रक्तगट व प्रथिनांच्या आधारे दाखवले की, मानवजातीतील एकूण जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता प्रत्येक समूहाच्या आतच असते. गटागटांतील फरकापेक्षा गटाच्या आतला पसारा मोठा, ही गोष्ट कवट्यांच्या संदर्भात एका मराठी विद्यार्थिनीने चार दशके आधी अनुभवली होती.

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कारभाराचे काम केले. परंतु मन संशोधनाकडे ओढ घेत होते. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्या रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. १९४७ साली दिल्लीत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेतील लांघणज येथील उत्खननातही त्यांनी भाग घेतला.

आपल्या देशातही मोजपट्टीचा इतिहास फारसा निर्मळ नव्हता. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख सर हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी व लांबी यांचे गुणोत्तर काढून असा दावा केला होता की, ज्या जातीचे नाक जितके अरुंद तितकी तिची समाजातील पायरी वरची. डॉ. घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या ग्रंथात या दाव्याची छाननी करून देशाच्या बऱ्याच भागांत तो टिकत नाही हे दाखवले. इरावतीबाईंनी याच्या पुढचा प्रश्न विचारला. आपण ज्याला एक जात म्हणून मोजतो, तो खरोखर एक गट आहे काय?

यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून निरनिराळ्या समाजांतील लोकांची शारीरिक मापे घेतली. त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करण्याच्या कामी त्यांना वि. म. दांडेकर यांच्यासारखा सहकारी लाभला. हेच दांडेकर पुढे नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याच्या मोजमापासाठी प्रसिद्ध झाले. कर्वे आणि दांडेकर यांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथ १९५१ साली डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. पुढे १९६८ साली कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना प्रसिद्ध केली. हे आठही गट ब्राह्मण या एकाच नावाखाली येणारे. तरीही त्यांच्यात आपापसांत लक्षणीय फरक आढळले. यावरून इरावतीबाईंचे मत असे बनले की, एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या हे सर्वत्र खरे नाही. मुळातच वेगवेगळे असलेले, आपापल्यातच लग्ने करणारे गट एका नावाखाली एकत्र आले असावेत. अशा समुच्चयाला त्यांनी जातिसमूह मानले.

हा मुद्दा समजायला आपल्याला फार दूर जायला नको. आपल्या आंबेगाव तालुक्याच्या पावसाचेच पाहा. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पावसाळ्यात आभाळ फाटते, भातखाचरे तुडुंब भरतात. पूर्वेला आपल्या लोणी-धामणीच्या माळावर त्याच दिवसांत शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो. दोहोंची बेरीज करून तालुक्याची सरासरी काढली तर ती कागदावर समाधानकारक दिसेल. पण त्या सरासरीएवढा पाऊस ना भीमाशंकरला पडतो ना लोणीला. गट चुकीचा धरला की मध्यमान बिनचूक काढूनही खोटे बोलते. इरावतीबाईंनी जातींच्या बाबतीत दाखवून दिले ते नेमके हेच. आधी एकक तपासा, मग सरासरी काढा.

आकड्यांवर एवढी हुकमत असूनही त्या आकड्यांतच अडकून पडल्या नाहीत, हे त्यांचे वेगळेपण. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील त्यांच्या ग्रंथात मोजपट्टीऐवजी शब्द हे साधन आहे. कोणत्या भाषेत मामाला, आत्याला, नणंदेला काय म्हणतात, लग्न कोणाशी चालते आणि कोणाशी चालत नाही, याची माहिती गोळा करून त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. मराठी मुलखात मामाची मुलगी करता येते, उत्तरेत ती बहीण ठरते, या साध्या फरकामागे केवढी समाजरचना उभी आहे, हे त्यांनी उलगडून दाखवले.

पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या. संशोधक म्हणून लोकांकडे दुरून न पाहता त्यांच्यातलेच एक होऊन निरीक्षण करणे, यालाच आपण सहभागी निरीक्षण म्हणतो. वारीतील भक्तीने त्या भारावल्या. पण भजनात एकत्र येणारी माणसे जेवायला जातवार वेगळी बसतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही, आणि ते लिहायला त्यांची लेखणी कचरली नाही. 'युगान्त' मध्येही हीच वृत्ती दिसते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन त्यांनी नंतर जोडलेले भाग बाजूला सारले आणि कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना माणूस म्हणून पाहिले. १९६७ सालच्या या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक आपल्या तालुक्याच्या दृष्टीने फार जिव्हाळ्याचे आहे. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी त्यांनी आपल्या कन्या जाई निंबकर यांच्यासह केली आणि तिचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. कोयनेच्या विजेने महाराष्ट्र उजळला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली ती माणसे कोठे गेली आणि कशी जगत आहेत, हे विचारत दारोदार जाण्याचे काम या मायलेकींनी केले.

आपल्या घोड नदीवर डिंभे धरण झाले तेव्हा पश्चिम भागातील गावे पाण्याखाली गेली. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते आंबेगावही त्यांतच बुडाले. आणि आपल्या पूर्व भागाने त्याच पाण्यासाठी वर्षानुवर्षे मागण्या केल्या. आता समजा, आपल्यापैकी कोणी प्रकल्पासाठी प्रश्नावली घेऊन निघाला आणि डिंभे धरणाने लोकांचे भले झाले काय, असे विचारू लागला. मंचरच्या बाजारात विचारले तर एक उत्तर येईल, लोणीच्या पारावर दुसरे येईल, आणि जलाशयाच्या काठावर उरलेल्या महादेव कोळी वस्तीत तिसरे. जे गाव सोडून दूर निघून गेले ते तर आपल्या यादीत येणारच नाहीत. नमुना निवड हा पाठ्यपुस्तकातला कोरडा धडा वाटतो, पण कोणाचे म्हणणे ऐकले जाणार आणि कोणाचे नाही, याचा निर्णय त्याच धड्यात होत असतो. सोयीचा नमुना घेणारा संशोधक नकळत सोयीचे उत्तर घेऊन परततो.

इरावतीबाईंच्या कामाला मर्यादा नव्हत्या असे नाही. वंशाच्या उच्चनीचतेची कल्पना त्यांनी नाकारली, पण शरीराची मापे घेऊन समाजगट ओळखण्याची जी पद्धत त्या बर्लिनहून शिकून आल्या, ती त्यांनी आयुष्यभर वापरली. नंतरच्या अभ्यासकांनी यावर टीका केली आहे आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. नाक-डोक्याच्या मापांवरून समाजाचा इतिहास सांगण्याची ती रीत आज मागे पडली आहे. एखादे साधन हाती आले की त्याच्याबरोबर त्याच्या कर्त्याचे प्रश्नही आपल्याकडे येतात, हा धडाही त्यांच्याच चरित्रातून मिळतो. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही ही गोष्ट सांगितली पाहिजे. आकड्यांपुढे गुरूचाही मुलाहिजा न ठेवणाऱ्या बाईंबद्दल लिहिताना त्यांचाच मुलाहिजा ठेवणे शोभणार नाही.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे चौसष्ट वर्षांचे होते. फिशर यांना त्याआधीच दीर्घायुष्य लाभून गेले होते, आणि त्यांच्या शास्त्राने युरोपात काय घडवले हे जगाने पाहिले होते. त्या शास्त्राला आतून नकार देणारा एक छोटा प्रबंध १९३० च्या सुमारास त्याच इमारतीत लिहिला गेला होता, ही जाणीव मनाला धीर देणारी आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी प्रात्यक्षिकाच्या वहीत आकडे भरताना एखादे माप अपेक्षेप्रमाणे येणार नाही. शेजारच्या वहीतला नीटनेटका आकडा खुणावेल. मार्क जातील की काय, अशी भीतीही वाटेल. त्या वेळी डालेमच्या प्रयोगशाळेत १४९ कवट्यांसमोर बसलेली ती पंचविशीतली मराठी मुलगी आठवावी, आणि जे माप आले असेल तेच वहीत लिहावे.